गाठीची गती कशी मोजली गेली

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कर्करोगाच्या इतिहासावर लेख यावा, हे काही वाचकांना विपरीत वाटेल. परंतु ज्यांच्या नात्यागोत्यात एखाद्या बहिणीला, मावशीला किंवा वहिनीला स्तनाच्या कर्करोगाने गाठलेले नाही, अशी घरे आपल्या मंडळात आता फार थोडी उरली असतील. मुलूख सोडून दूर राहणाऱ्या माणसाला अशा वेळी पुण्या-मुंबईहून फोन येतो, पाठोपाठ तपासणीचा कागद येतो, आणि घरात जो कोणी थोडेफार विज्ञान शिकलेला असेल त्याच्यापुढे तो ठेवला जातो. त्या कागदावर बहुधा शेवटच्या काही ओळींत ‘के आय सदुसष्ट’ अशी अक्षरे असतात आणि त्यांपुढे एक टक्केवारी. कोणाची पाच, कोणाची अठरा, कोणाची चाळीस. गाठ किती वेगाने वाढत आहे याचा तो अंदाज होय. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी द्यावी की केवळ गोळ्यांवर भागेल, या निर्णयाच्या पारड्यात हा आकडा आपले वजन टाकतो. एवढे महत्त्व ज्याला आले तो आकडा कोठून आला आणि त्यावर भरवसा किती ठेवावा, ही हकीकत जवळजवळ दीडशे वर्षांची आहे. तिच्यात बाकल्याच्या मुळ्या, समुद्रातील प्राण्यांची अंडी आणि दारू गाळण्याचे किण्व अशी काही अनपेक्षित पात्रेही आहेत.

कथेचा आरंभ जर्मनीत होतो. १८५८ साली बर्लिनचे रुडॉल्फ फिर्खो यांनी पेशींच्या विकृतिशास्त्रावरील आपली व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्माला येते हा सिद्धान्त वैद्यकात रूढ केला. अंगातील रस बिघडून साकळतात आणि त्यांची गाठ होते, या जुन्या कल्पनेला त्यामुळे उतरती कळा लागली. गाठ म्हणजे पेशींची संतती ठरली. आणि संतती म्हटली की ती किती वेगाने वाढते हा प्रश्न ओघानेच आला. परंतु एका पेशीच्या दोन होतात त्या वेळी आत नेमके काय घडते, हे अद्याप कोणी नीट पाहिलेले नव्हते. ते पाहिले वाल्टर फ्लेमिंग यांनी. (पेनिसिलिनचे फ्लेमिंग ते निराळे.) बाल्टिक समुद्रावरील कील या बंदराच्या गावी हे फ्लेमिंग १८७६ पासून प्राध्यापक होते. दगडी कोळशाच्या डांबरापासून बनविलेले कृत्रिम रंग त्या काळी नव्याने निघाले होते. सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पिलांच्या पेशी चांगल्या मोठ्या असतात. त्यांवर हे रंग चढवून फ्लेमिंग तासन्‌तास सूक्ष्मदर्शकातून पाहत आणि दिसेल ते स्वतःच्या हाताने रेखाटत. पेशीच्या केंद्रकातील द्रव्याचे धागे होतात, ते मध्यभागी मांडले जातात, उभे चिरले जातात आणि दोन टोकांकडे खेचले जातात, हा क्रम त्यांनी लावला. ग्रीक भाषेत धाग्याला ‘मिटोस’ म्हणतात. त्यावरून या क्रियेला त्यांनी ‘मायटोसिस’ हे नाव दिले. त्यांचा ग्रंथ १८८२ साली निघाला. वाचकांनी कील हे गावाचे नाव ध्यानात ठेवावे. आपल्याला तेथे पुन्हा यावयाचे आहे.

एकदा विभाजनाचे चित्र ओळखता येऊ लागल्यावर विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातले पॅथॉलॉजिस्ट, ते गाठींत शोधू लागले. फिर्खो यांचे सहायक डेव्हिड फॉन हान्झेमान यांनी १८९० साली कर्करोगाच्या पेशींत हे विभाजन वेडेवाकडे, असमान वाटणीचे होते हे दाखविले. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र त्याचा रुग्णाच्या भवितव्याशी मेळ घालण्यास पुढची पिढी यावी लागली. १९२५ साली बॉस्टनचे ग्रीनो आणि १९२८ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील पेटी व स्कार्फ यांनी स्तनाच्या गाठींची प्रतवारी लावण्याचा प्रयत्न केला. तिला पक्के रूप दिले ते १९५७ साली ब्लूम आणि रिचर्डसन यांनी. त्यांनी १,४०९ स्त्रियांच्या गाठी अभ्यासल्या. त्यांपैकी ३५९ जणींचा पुढचा पंधरा वर्षांचा इतिहास त्यांच्यापाशी होता. गाठीतील पेशी नळ्यांची रचना कितपत टिकवून आहेत, केंद्रके किती बेढब आहेत आणि विभाजनाची चित्रे किती दिसतात, या तीन लक्षणांना प्रत्येकी एक ते तीन गुण द्यावयाचे आणि बेरजेवरून प्रत ठरवावयाची. १९९१ साली नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी तिचे नियम अधिक काटेकोर केले, आणि तीच पद्धत आज जगभर चालते. आपल्याकडील कागदावर ‘ग्रेड दोन’ किंवा ‘ग्रेड तीन’ असे असते, ते याच वंशातले.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षे सूक्ष्मदर्शकापाशी काढली असल्याने या मोजणीविषयी दोन शब्द अधिकाराने लिहिण्यास हरकत नसावी. पेशीच्या एका पूर्ण फेऱ्याला साधारणपणे एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि त्यातील प्रत्यक्ष विभाजन सुमारे तासाभराचे असते. म्हणजे काचपट्टीवर जे दिसते ते चोवीस तासांच्या नाटकातील एका तासाचे दृश्य. उरलेल्या वेळात पेशी विभाजनाची तयारी करीत आहे की कायमची विसावली आहे, हे तिच्या तोंडावर लिहिलेले नसते. त्यातच मृत्युपंथाला लागलेल्या पेशीचे आकसलेले काळे केंद्रक विभाजनाच्या चित्रासारखे भासून नवशिक्याची फसगत करते. शिवाय गाठ काढल्यावर ती फॉर्मालिनमध्ये पडण्यास विलंब झाला, तर विभाजनाची चित्रे मोजणीत कमी भरतात. उत्तर हिंदुस्थानातील ज्येष्ठ महिन्यात, लहान गावच्या शुश्रूषागृहातून रिक्षाने आलेल्या बरणीतल्या गाठीची मोजणी लंडनच्या मोजणीशी ताडून पाहणे हे धाडसच होय.

पडद्याआडचे तेवीस तास कसे दिसणार? पहिला मार्ग सापडला तो रुग्णशय्येपासून फार दूर, एका शेंगेच्या मुळ्यांत. उत्तरेकडील बाजारात ज्याला बाकला म्हणतात त्या शेंगेची रोपे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधनविभागात वाढवून अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी त्यांना किरणोत्सर्गी फॉस्फरस दिला. नवीन डी. एन. ए. घडत असेल त्याच पेशीत तो साठतो, आणि वर फोटोग्राफीची फिल्म ठेवली म्हणजे तेथे काळे ठिपके उमटतात. १९५१ ते १९५३ या काळात प्रसिद्ध झालेल्या या कामातून असे दिसून आले की, डी. एन. ए.ची दुप्पट होण्याची क्रिया दोन विभाजनांच्या मधल्या एका ठराविक अवधीतच घडते, आणि तिच्या आधी व नंतर मोकळा काळ असतो. या मोकळ्या काळांना त्यांनी इंग्रजीतील ‘गॅप’ शब्दाच्या आद्याक्षरावरून जी-एक आणि जी-दोन म्हटले, मधल्या काळाला एस आणि विभाजनाला एम. पेशीचक्राचे हे चार प्रहर त्या दिवसापासून रूढ झाले. पुढे किरणोत्सर्गी थायमिडीन वापरून माणसाच्या गाठीतील एस प्रहरातल्या पेशी मोजण्याचे प्रयत्न मिलान येथे रोसेला सिल्व्हेस्ट्रिनी यांनी आणि सेंट लुईस येथे जॉन मेयर यांनी चिकाटीने केले. ज्या गाठींत अशा पेशी अधिक, त्या गाठी अधिक घातक, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु त्यासाठी गाठ ताजी, जिवंत हवी, किरणोत्सर्गी द्रव्य हवे आणि फिल्मवर ठिपके उमटेपर्यंत धीर हवा. रोजच्या व्यवहारात ही पद्धत रुजणे शक्य नव्हते.

या काळात आपल्या मुलखात काय चालले होते, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येईल. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे पुढे डॉ. कमल रणदिवे म्हणून ख्यातनाम झालेल्या संशोधिका, काम करू लागल्या. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकण्यास गेल्या. हेला या नावाने प्रसिद्ध पावलेली मानवी पेशींची अखंड परंपरा ज्यांनी काचपात्रात जगविली, तेच हे गाय. परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. रणदिवे यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांच्या निरनिराळ्या वाणांतील स्तनाच्या गाठींचा अभ्यास आरंभिला. आनुवंशिकता, संप्रेरके आणि दुधातून पिलाला मिळणारा विषाणू यांच्या परस्परसंबंधावर त्यांचा भर होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. गाठीच्या गतीची मोजपट्टी मुंबईत निघाली असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. परंतु स्तनाची पेशी संप्रेरकाच्या इशाऱ्याने वाढते, आणि हा इशारा पेशीत शिरून काय करतो हे शोधले पाहिजे, हा प्रश्न मराठी बाईने मुंबईत बसून पुढच्या उत्तराची कसलीही खूण नसताना हाती घेतला होता, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असावी.

आता आपण कीलला परत येऊ. १९७५ साली केंब्रिज येथे कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची युक्ती शोधून काढली होती. प्रतिपिंड म्हणजे शरीराने एखाद्या परक्या द्रव्याविरुद्ध घडविलेले प्रथिन; ते आपल्या द्रव्याला नेमके ओळखून जाऊन चिकटते. कील विद्यापीठातील योहानेस गेर्डेस, उलरिख श्वाब, हिल्मार लेम्के आणि हाराल्ड श्टाइन यांना हॉजकिन रोग या लसिकाग्रंथींच्या कर्करोगातील पेशी ओळखणारे प्रतिपिंड हवे होते. स्तनाच्या कर्करोगाशी त्यांना काही कर्तव्य नव्हते. त्यांनी उंदरांना हॉजकिनच्या पेशींची केंद्रके टोचली आणि मिळालेल्या प्रतिपिंडांची शहाण्णव खळग्यांच्या तबकडीत चाचणी घेतली. सदुसष्टाव्या खळग्यातील प्रतिपिंड विचित्र वागले. ते हॉजकिनच्या पेशींपुरते न राहता कोणत्याही वाढत्या पेशीच्या केंद्रकाला चिकटे. विसावलेल्या पेशीला मात्र शिवत नसे. गावाच्या नावाची पहिली दोन अक्षरे आणि खळग्याचा क्रमांक मिळून त्याचे नाव पडले ‘की-६७’. हा निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढच्या वर्षी याच मंडळींनी दाखविले की, हे प्रथिन पेशीचक्राच्या चारही प्रहरांत असते व चक्राबाहेर पडून स्वस्थ बसलेल्या पेशीत नसते. चोवीस तासांच्या नाटकातील सारी पात्रे एकदम उजेडात यावीत, तसेच हे झाले. फ्लेमिंगच्या ग्रंथानंतर एकशे एक वर्षांनी, त्याच गावात! मौज अशी की, हे प्रथिन पेशीत करते काय, याची कोणाला दाद नव्हती. ते असते एवढेच ठाऊक, आणि मोजणाराला तेवढे पुरे होते.

याच १९८३ साली दुसरा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याची दिशा अगदी उलट होती. इंग्रज संशोधक टिम हंट १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावरील वुड्स होल येथे सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यांत प्रथिने कशी घडतात ते पाहत होते. फलन झालेल्या अंड्यात बहुतेक प्रथिने सारखी वाढत जात; एक मात्र वाढे आणि पेशी दुभंगण्याच्या सुमारास एकाएकी नाहीसे होई. पुन्हा वाढे, पुन्हा नाहीसे होई. चक्राबरोबर फिरणाऱ्या या प्रथिनाला त्यांनी ‘सायक्लिन’ म्हटले. दुसरीकडे सिॲटलचे लेलँड हार्टवेल हे पावाच्या किण्वात, तर ब्रिटनचे पॉल नर्स हे आफ्रिकेतील दारूत सापडणाऱ्या दुसऱ्या एका किण्वात, पेशीचक्र अडून राहील अशा सदोष जाती शोधीत होते. नर्स यांना सापडलेले जनुक माणसातही आहे आणि माणसाचे जनुक किण्वात घातले असता किण्वाचे अडलेले चक्र चालू लागते, हे १९८७ साली सिद्ध झाले. सारा उलगडा झाला तो असा: काम करणारे विकर, ज्याला सीडीके म्हणतात, ते पेशीत नेहमी हजर असते, पण स्वतः होऊन हात हलवीत नाही. सायक्लिन हा मुकादम. तो आला की काम सुरू, तो गेला की बंद. प्रत्येक प्रहराचा मुकादम निराळा. या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

(नावाचा एक घोटाळा येथेच सांगून टाकतो. वाढत्या पेशींत सापडणाऱ्या आणखी एका प्रथिनाला १९८० च्या सुमारास दुसऱ्या संशोधकांनी ‘सायक्लिन’ हेच नाव दिले होते. पुढे ते ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांमुळे आधीच उघडकीस आलेले पीसीएनए नावाचे प्रथिन निघाले, आणि डी. एन. ए.च्या नकलेच्या कामी ते लागते हे कळले. जुने निबंध चाळणाऱ्याची त्यामुळे हमखास दिशाभूल होते.)

पहिल्या प्रहराचा मुकादम, सायक्लिन डी-एक, १९९१ साली तीन प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच वेळी हाती लागला. त्यांतील बॉस्टनचा शोध गळ्यातील परावटू ग्रंथीच्या गाठीतून निघाला होता. ज्या गुणसूत्राच्या तुकड्यावर याचे जनुक आहे, तो तुकडा स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे पंधरा टक्क्यांत अनेक पटींनी वाढलेला असतो. प्रथिनाचे प्रमाण तर जवळजवळ निम्म्या गाठींत अधिक आढळते. १९९४ साली हे जनुक उंदरांच्या स्तनात मुद्दाम कार्यरत केले असता त्यांना कर्करोग झाला. दुसऱ्याच वर्षी हे जनुक नसलेल्या उंदरांच्या माद्यांचे स्तन गर्भारपणी नीट वाढत नाहीत हे दिसले. इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्तनाच्या पेशीत याच मुकादमाला बोलावून आणते आणि तो सीडीके-चार व सहा यांच्याकरवी आरबी नावाच्या प्रथिनाचा अडसर काढून पेशीला चक्रात ढकलतो. संप्रेरकाचा इशारा पेशीत शिरून काय करतो, या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर असे मिळाले.

साहजिकच आता गाठीतील सायक्लिन मोजले म्हणजे गती कळेल, असे सर्वांना वाटले. अपेक्षा अवास्तव नव्हती. अनुभव मात्र निराळा आला. सायक्लिन डी-एक हे मुख्यतः संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या गाठींत भरपूर असते, आणि अशा गाठी एकंदरीत सौम्य प्रकृतीच्या. त्यामुळे हे प्रथिन अधिक असणे चांगले की वाईट, यावर एका निबंधाचा दुसऱ्याशी मेळ बसेना. चक्राला लगाम घालणारे पी-२७ नावाचे प्रथिन कमी असलेल्या गाठी अधिक घातक, असे १९९७ साली प्रसिद्ध झाले. पण तेही रोजच्या तपासणीत आले नाही. सर्वांत चटका लावणारी कथा सायक्लिन-ई ची. २००२ साली ह्यूस्टनच्या खांदन केयोमर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९५ स्त्रियांच्या गाठी तपासल्या. पहिल्या अवस्थेत निदान झालेल्यांपैकी ज्यांच्या गाठीत सायक्लिन-ई कमी होते, अशा १०२ जणींपैकी पाच वर्षांत एकही स्तनाच्या कर्करोगाने दगावली नाही. ज्यांच्या गाठीत त्याचे तुटके, आखूड रूप भरपूर होते, त्या बाराच्या बारा दगावल्या. इतका स्वच्छ निकाल या क्षेत्रात सहसा दिसत नाही. परंतु त्यांची पद्धत ताज्या गोठविलेल्या गाठीतून प्रथिने काढून वेगळी करण्याची होती. पॅराफिनच्या ठोकळ्यातील गाठीवर नेहमीच्या रंजनाने पाहू गेले, तर तुटके रूप आणि अखंड रूप सहजी निराळे ओळखता येत नव्हते, आणि इतर ठिकाणचे निकाल असे स्वच्छ येईनात.

येथे लेखकाचे मत स्पष्ट मांडतो. ज्या प्रथिनांचे कार्य शास्त्राला नीट समजले होते, ती मोजमापाच्या कामी कच्ची ठरली. आणि ज्याचे कार्य मुळीच ठाऊक नव्हते, तो कीलचा सदुसष्ट क्रमांक मोजपट्टी होऊन बसला. याचे कारण शोधू गेल्यास फार खोल जावे लागत नाही. मुकादम किती आहेत, यावरून कारखाना चालू आहे की बंद, हे कळतेच असे नाही. कर्करोगात कधी मुकादम वाढतात, कधी अडसरच नाहीसा होतो, कधी लगाम तुटतो. मार्ग कोणताही असो, चक्र फिरू लागले की की-६७ उमटते. ते कारणाची चौकशी करीत नाही, म्हणूनच उपयोगी पडते.

त्याच्या प्रसाराला एक साधीशी युक्तीही कारण झाली. मूळचे प्रतिपिंड फक्त गोठविलेल्या ऊतकावर चाले. १९९१ साली असे आढळले की, पॅराफिनमधून काढलेला काप मायक्रोवेव्हमध्ये उकळला तर फॉर्मालिनने झाकली गेलेली प्रथिने पुन्हा ओळखण्याजोगी होतात. १९९२ साली या उकळलेल्या कापांवर चालणारे एमआयबी-एक हे नवे प्रतिपिंड आले. मायक्रोवेव्ह नसेल तेथे प्रेशर कुकर लावतात. शिट्टीच्या त्या आवाजाने प्रयोगशाळेला स्वयंपाकघराचे रूप येते, हे पाहणाऱ्यालाच समजेल. जुन्या कपाटांतील वर्षानुवर्षांच्या ठोकळ्यांना एकाएकी वाचा फुटली.

२०११ साली स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या गाठींचे दोन वर्ग मानले आणि त्यांमधील सीमारेषा चौदा टक्के की-६७ वर आखली. २०१३ साली ती वीस टक्क्यांकडे सरकविण्यात आली. म्हणजे सतरा टक्क्यांची स्त्री दोन वर्षांत, तिच्या गाठीत काडीचाही बदल न होता, एका वर्गातून दुसऱ्यात गेली. त्याच सुमारास एक परीक्षाही घेण्यात आली. त्याच १०० गाठींचे काप अनुभवी अशा आठ प्रयोगशाळांना मोजावयास दिले. रंजन एकाच ठिकाणी केलेले असतानाही एका प्रयोगशाळेची सरासरी सुमारे सात टक्के आली आणि दुसरीची जवळजवळ चोवीस. कोणी गाठीच्या कडेला मोजले, कोणी गडद ठिपके तेवढे धरले, कोणी फिकेही धरले. या विषयाच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२१ साली प्रामाणिकपणे असे सुचविले की, पाच टक्के किंवा त्याहून कमी आणि तीस टक्के किंवा त्याहून अधिक, एवढ्यावरच भिस्त ठेवावी. मधला प्रदेश धूसर आहे. अठरा टक्क्यांचा कागद हाती घेऊन रात्र जागविणाऱ्या घरांना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

पाश्चात्त्य देशांत या धूसर प्रदेशातून वाट काढण्यासाठी जनुकांच्या चाचण्या आल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एकवीस जनुकांच्या चाचणीत गती मोजणारी जी पाच जनुके आहेत, त्यांत की-६७ आहे आणि सायक्लिन बी-एकही आहे. २०१८ साली दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासातून दिसले की, या चाचणीत मध्यम गुण मिळालेल्या बहुसंख्य जणींना, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांना, केमोथेरपीपासून वाचविता येते. आपल्याकडे तिचा खर्च लाखांच्या घरात जातो. त्यामुळे भारतातील बहुतेक कुटुंबांचा निर्णय आजही ग्रेड, की-६७ आणि डॉक्टरांचा अनुभव यांवरच उभा असतो, आणि काचपट्टी कोण व कशी मोजतो याला आपल्याकडे अधिक महत्त्व आहे.

मोजणीत नापास झालेल्या मुकादमाची गोष्ट मात्र तेथे संपली नाही. सीडीके-चार व सहा यांना जखडून ठेवणारे पाल्बोसिक्लिब हे औषध तयार झाले. संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींवर त्याचा प्रभाव सर्वाधिक पडतो, असे २००९ साली लॉस एंजेलिसच्या फिन आणि स्लेमन यांनी दाखविले. शरीरात पसरलेल्या कर्करोगाच्या १६५ स्त्रियांवरील चाचणीत नेहमीच्या गोळीने रोग सरासरी दहा महिने थोपला होता; जोडीला हे औषध दिल्यावर वीस महिने. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. याच चाचणीत सायक्लिन डी-एकचे जनुक वाढलेल्या गाठी निवडूनही पाहिल्या. त्या निवडीने लाभात काही भर पडली नाही. जो मुकादम मोजून काही कळत नव्हते, त्याचे हात बांधले असता काम थांबले! भारतात या औषधाचे पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्यावर किंमत एकदम खाली आली. ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे, त्यांना त्या महिन्याचे मोल सांगावयास नको.

याच जातीचे अबेमासिक्लिब हे औषध शस्त्रक्रियेनंतर देण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये परवानगी दिली ती एका अटीवर: की-६७ वीस टक्के किंवा अधिक हवे. मार्च २०२३ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. की-६७ अधिक असलेल्या गाठी उलटण्याचा धोका अधिक, हे खरेच ठरले होते. परंतु औषधाचा गुण कमी आकडेवाल्यांनाही येतच होता. धोका सांगणे आणि औषध लागू पडेल की नाही हे सांगणे, ही दोन निराळी कामे आहेत, आणि एकच आकडा दोन्ही कामांना जुंपण्याचा मोह वैद्यकाला वारंवार होतो. अधिक फलदायी उपयोग दाखविला तो लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातील मिच डाउसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. शस्त्रक्रियेपूर्वी केवळ दोन आठवडे संप्रेरकविरोधी गोळी द्यावयाची आणि की-६७ पुन्हा मोजावयाचे. आकडा खाली आला तर गाठ गोळीचे ऐकते; वर राहिला तर तिच्यासाठी अधिक काही करणे भाग आहे. सुमारे साडेचार हजार स्त्रियांवर केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याला पुष्टी मिळाली. त्याच गाठीची आधीची आणि नंतरची मोजणी एकाच माणसाने एकाच दिवशी केली, तर मोजणाराच्या सवयीचा दोषही पुष्कळसा वजा होतो, हा त्यातील आणखी एक फायदा.

आणि की-६७ पेशीत करते तरी काय? हे कळावयास २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी दोन गोष्टी उघड झाल्या. एक, हे प्रथिन काढून टाकले तरी पेशी दुभंगत राहतात. म्हणजे वाढीचे हे चिन्ह वाढीला आवश्यक नाही. दुसरी अशी की, विभाजनाच्या वेळी ते गुणसूत्रांच्या अंगावर दाट केसांसारखे उभे राहते आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. साबणाने तेलाचे थेंब सुटे राहावेत तसेच. ते नसेल तर गुणसूत्रे एका गोळ्यात अडकून बसतात. सॅलमँडरच्या पेशीतील जे धागे कीलच्या प्राध्यापकांनी एकेक करून सुटे रेखाटले, त्यांसारखेच धागे आपल्या पेशीत सुटे ठेवण्याचे काम त्यांच्याच गावी सापडलेल्या प्रथिनाकडे होते.